कापाची जागा

झाडाची फांदी खोडाला जिथं मिळते तिथं सालीचं एक फुगीर, सुरकुतलेलं कडं असतं. आंब्यावर ते सहज दिसतं, गुलमोहरावर हात फिरवला की कळतं, रेन ट्रीच्या खडबडीत सालीत मात्र शोधावं लागतं. करवत या कड्याला न दुखावता, त्याच्या अगदी बाहेरून चालली तर झाड पुढच्या काही वर्षांत नव्या लाकडानं ती जखम झाकत आणतं. करवत चार बोटं आत सरकली तर जखम कितीतरी मोठी होते आणि कुजण्याची वाट थेट खोडात शिरते. वीतभर बाहेर राहिली तर मागं खुंट उरतो. तो वाळतो, सडतो, आणि तो मध्ये आहे तोवर नवी साल मिटत नाही. रस्त्याकडेच्या झाडाचं पुढचं वीस-तीस वर्षांचं आयुष्य एवढ्याशा फरकावर ठरतं. हा फरक ठरवणारा माणूस त्या क्षणी जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर असतो, एका पायावर भार टाकून, कमरेला दोर आणि हातात चालू मशीन घेऊन.

मुंबईत या माणसांचा हंगाम मार्चपासून चढत जातो आणि मे महिन्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या काढणं हा महापालिकेच्या उद्यान विभागाचा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम. २०१८ च्या वृक्षगणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं आहेत. त्यांतली रस्त्याकडेची सुमारे १ लाख ८५ हजार. बाकीची सोसायट्यांच्या, शाळांच्या, सरकारी वसाहतींच्या आवारात आणि बागांमध्ये. रस्त्यावरच्या झाडांची छाटणी पालिका ठेकेदारांकडून करून घेते. आवारातल्या झाडासाठी सोसायटीनं अर्ज करायचा, परवानगी मिळवायची आणि खर्च सोसायचा. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. झाड पाडणंच नव्हे, त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्या कायद्यात ‘तोडणे’ या व्याख्येत बसतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला. कागदावर झाडांची बाजू भक्कम आहे. पण कायदा झाडावर चढत नाही. चढतो तो गँगमधला एखादा तिशीतला तरुण.

गँग साधारण पाच-सात जणांची. एक मुकादम, एक किंवा दोन चढणारे, एक जण दोर धरणारा, बाकीचे फांद्या ओढून टेम्पोत भरणारे. यांतला कुणी मराठवाड्यातून आलेला, कुणी कोकणातून, कुणी उत्तर प्रदेशातून. सकाळी सातलाच माणसं हजर होतात, पण पहिला तासभर झाडाला कुणाचा हात लागत नाही. तो जातो खालच्या गाड्या हलवण्यात. आदल्या दिवशी सूचना लावलेली असते, तरी एखादी मोटार नेमकी झाडाखालीच उभी. वॉचमन मालकाचा मजला सांगतो, मालक आंघोळीला गेलेला असतो, चावी गावाला गेलेल्या मुलाकडे असते. मुकादम आवाज न चढवता पुन्हा पुन्हा जिना चढतो. तो गाड्यांच्या मागं आहे तेवढ्या वेळात त्याचे लोक दोर तपासतात, मशीनची साखळी कानशीनं घासतात, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. बोथट साखळी लाकडात ओढून घालावी लागते. ओढायला गेलं की तोल जातो. वर तोल जाऊन चालत नाही.

पूर्व उपनगरातल्या एका गल्लीत मी अशा गँगबरोबर रेन ट्रीची एक फांदी उतरताना पाहिली, ती इथं तपशिलानं सांगतो. झाड जुनं, दोन माणसांच्या कवेत न येणारं. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून एक फांदी आडवी निघून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांवर गेलेली. खाली कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून विजेचा मीटर बॉक्स. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं एकच : “पूर्ण काढून टाका, पुन्हा कटकट नको.” मुकादमानं वर बघून चढणाऱ्याला सांगितलं, “आधी बेचकं बघून ये रे. मशीन नंतर पाठवतो.”

तो शिडीवरून पहिल्या बेचक्यापर्यंत गेला, तिथून दोर वरच्या फांदीवर टाकून हातापायांनी सरकत पुढं. फांदीवर बसला. तळहातानं साल थोपटली, मग करवतीच्या मुठीनं ठोकली. थोडं पुढं सरकून पुन्हा ठोकली. खाली उभ्या असलेल्या मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्याला वाटले नाहीत. “मुकादम, बुडाशी भरीव आहे. पुढं कोपरापर्यंत हात जातोय आत.” म्हणजे फांदीचा खोडाजवळचा भाग निरोगी होता आणि मधोमध ढोली होती. जुन्या कुठल्यातरी छाटणीचा खुंट तिथं सडून आत शिरला होता.

यावर खाली दहा मिनिटं चर्चा झाली. पूर्ण फांदी काढली तर एका बाजूनं झाड उघडं पडणार आणि सगळं वजन रस्त्याकडे जाणार. ढोलीच्या अलीकडे जिथं एक चांगली उपफांदी वर गेली होती, तिथवर फांदी आखूड करायची असं मुकादमानं ठरवलं. सेक्रेटरींना पटेना. मुकादम त्यांना म्हणाला, “साहेब, एवढी जाड फांदी बुंध्यापासून काढली तर ती जखम तुमच्या नातवाच्या वेळेपर्यंत भरायची नाही. वजन कमी करून देतो, गॅलरीला लागणार नाही याची जबाबदारी माझी.” तेव्हा कुठं सेक्रेटरी मागं सरले.

मग खरं काम. फांदी तिथं सुमारे ३० सेंटिमीटर जाड होती. अशा ओल्या लाकडाचा तीन मीटरचा तुकडा दोनशे किलोच्या आसपास भरतो. त्यावरच्या डहाळ्या आणि पानं वेगळी. हे वजन एकदम सुटलं तर मीटर बॉक्स आणि भिंत दोन्ही गेलीच. म्हणून आधी टोकाकडच्या हलक्या फांद्या एकेक करून काढल्या. मग मुख्य तुकड्याला दोर बांधला, तो वरच्या एका मजबूत बेचक्यातून खाली घेतला आणि खालच्या माणसानं त्याला बुंध्याभोवती वळसे दिले. सालीवर घासणाऱ्या प्रत्येक वळशासरशी हातावर येणारा भार झपाट्यानं कमी होतो. तीन वळशांत एकटा माणूस दोनशे किलो हळूहळू सोडू शकतो. वळसा कमी पडला तर दोर तळहात सोलून निघतो. खालच्या माणसानं आपले तळवे दाखवले. आडवे, गुळगुळीत, जुने चट्टे होते.

पहिला काप खालून, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा पुढं, वरून. वरचा काप खोल गेला की फांदी आपल्याच भारानं मोडते, आणि खालचा काप असल्यामुळं साल सोलून बुंध्यापर्यंत फाटत नाही. खालचा काप विसरला तर फांदी पडताना खोडाची हातभर साल घेऊन जाते. शहरातल्या कितीतरी झाडांवर अशा लांबट जखमा दिसतात आणि आपण त्या विजेच्या किंवा वादळाच्या समजतो. “येऊ दे… येऊ दे… थांब!” असे आवाज होत तुकडा भिंतीच्या अलीकडे अलगद टेकला. शेवटचा, तिसरा काप राहिलेल्या खुंटाचा, उपफांदीच्या कड्याला धरून. तो त्यानं मशीननं केलाच नाही. मशीन दोरानं खाली सोडली, कमरेची हातकरवत काढली आणि सावकाश कापलं. का, म्हणून नंतर विचारलं तर म्हणाला, “मशीनला घाई असते.”

ही चार बोटांची गोष्ट एवढी महत्त्वाची का, हे जगाला नीट समजावलं ॲलेक्स शायगो या अमेरिकन वनविकृतिशास्त्रज्ञानं. अमेरिकेच्या वनसेवेत काम करताना त्यानं हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरली आणि आतली कूज कशी पसरते ते पाहिलं. त्याआधी झाडं आडवी कापून बघायची पद्धत होती. त्यात कुजलेला भाग नुसता गोल डाग म्हणून दिसे, त्याचा प्रवास दिसत नसे. १९७७ मध्ये त्यानं मांडलेली कल्पना आज जगभरच्या वृक्षनिगेचा पाया आहे. माणसाची कातडी भरून येते, म्हणजे जखमी पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाचं तसं होत नाही. एकदा जखमी झालेलं लाकूड कायम जखमीच राहतं. वाड्यात एका खोलीला आग लागल्यावर शेजारच्या खोल्यांची दारं एकेक करून बंद करावीत, तसं झाड जखमेच्या वर-खाली, आत आणि दोन्ही बाजूंना अडसर घालतं. यांत वर-खालचा अडसर सगळ्यांत कच्चा, म्हणून कूज खोडात उभी धावते. सगळ्यांत पक्का असतो तो जखमेनंतर तयार झालेल्या नव्या लाकडाचा थर. फांदीच्या बुडाशी असलेल्या कड्याजवळ हे अडसर घालण्याची झाडाची तयारी जन्मजात असते. आपण ते कडंच कापून टाकलं तर झाडाचं सगळ्यांत चांगलं शस्त्र आपण काढून घेतलेलं असतं.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढं आली, ती आपल्याकडे अजून पुरती रुजलेली नाही. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासल्यानं कूज थांबत नाही. उलट ओल आत कोंडते. बागायतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. कोकणात जुन्या हापूसची छाटणी केल्यावर कापावर बोर्डो पेस्ट लावतात, कारण तिथं ठरावीक बुरशी आणि खोडकिडा यांच्याशी गाठ असते. रस्त्यावरच्या गुलमोहराच्या कापावर डांबर लावण्याला मात्र असा काही आधार नाही. त्यानं फक्त काम झाल्यासारखं दिसतं.

काम झाल्यासारखं दिसणं, ही या धंद्यातली मोठी अडचण आहे. मी बघितलेल्या बिलांत झाडांची संख्या होती, फांद्या उचलल्याची नोंद होती, टेम्पोच्या खेपा होत्या. काप कड्याच्या बाहेरून झाला की आतून, याला रकाना नव्हता. जो चढणारा हातकरवत काढून दहा मिनिटं जास्त लावतो त्याला त्या दहा मिनिटांचे पैसे मिळत नाहीत, आणि जो शेंडा सपाट उडवून पुढच्या झाडाला लागतो त्याचं काम नागरिकांना जास्त ‘स्वच्छ’ दिसतं. शेंडा असा उडवलेल्या झाडाला पुढच्या पावसात कापाखालून फुटव्यांचा झुपका येतो. सगळे म्हणतात, बघा, कसं छान पालवलं. ते फुटवे जुन्या फांदीसारखे गाभ्यातून आलेले नसतात, सालीलगतच्या थरातून फुटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे, मग मांडीएवढे होतात, खालचा खुंट तोवर सडतो आणि एखाद्या जुलैतल्या रात्री झुपक्यातला एक खाली येतो. मग पुन्हा अर्ज, पुन्हा छाटणी, पुन्हा शेंडा. या चक्राचं मूळ झाडाच्या स्वभावात नाही, कामाचं मोल करण्याच्या आपल्या पद्धतीत आहे.

वर चढलेल्याला जे दिसतं ते खालून कुणालाच दिसत नाही, हे मला या सगळ्या फिरण्यात सर्वांत ठळकपणे जाणवलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात साल आत दुमडली गेली असेल तर तो जोड वरून धडधाकट वाटला तरी आतून एकमेकांना धरलेला नसतो. वाऱ्यात तो फाटतो. बेचक्यात साचलेलं पाणी, ढोलीच्या तोंडाशी पडलेला लाकडाचा भुसा, फांदीच्या पाठीवरची केसाएवढी उभी चीर, भिंतीतून उगवावा तसा आंब्याच्या बेचक्यात रुजलेला पिंपळ, बांडगुळानं पोखरलेला शेंडा, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर असतं. वृक्षगणनेत झाडाचं नाव, घेर, उंची, जागा आणि प्रकृती लिहिली जाते. गणना करणारे हे सगळं जमिनीवरून पाहतात आणि तेवढ्यापुरतं ते ठीकच आहे. पण त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी त्याच झाडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन येतं आणि त्याचं पाहणं त्याच्याबरोबर खाली उतरून टेम्पोत बसून निघून जातं. पुढच्या खेपेला ठेकेदार वेगळा, गँग वेगळी. एका मुकादमाकडे मी साधी शंभर पानी वही पाहिली. गल्लीचं नाव, दुकानाची किंवा शाळेची खूण, झाडाची जात आणि पुढं तीन-चार शब्द : ‘पूर्वेची जोडफांदी फाटते’, ‘बुडाशी अळंबी’, ‘मूळ गटारवाल्यांनी कापलं’. ही वही त्यानं स्वतःसाठी ठेवलेली. ती कुणी मागितली नव्हती आणि कुणाला दाखवावी असं त्यालाही वाटलं नव्हतं. माझ्या मते त्या वहीतला मजकूर हा या शहरातल्या झाडांविषयीचा सगळ्यांत मोलाचा दस्तऐवज आहे, आणि तो अधिकृत नोंदवहीत जायला हवा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. छाटणीच्या पावतीवर दोन ओळींची जागा लागते.

वर फक्त झाडच नसतं. लाल मुंग्यांची पानं चिकटवून केलेली घरटी असतात; ती फुटली की पाच मिनिटांत मान, कान, पापण्या मुंग्यांनी भरतात, आणि दोन्ही हात दोरात अडकलेले. आग्या मोहोळ असेल तर कुठलाही शहाणा मुकादम त्या दिवशी काम थांबवतो. घारीची वीण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते, कावळे नेमके पावसाच्या तोंडाशी घरटं बांधतात, बगळ्यांच्या वसाहती पावसाळ्यात गजबजतात. म्हणजे पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि पक्ष्यांची वीण एकमेकांवर येतात. घरट्याची फांदी सोडून बाकीची काढावी, पिल्लं उडाली की परत यावं, हे चांगल्या गँगला माहीत असतं. पण परत यायचं तर दुसऱ्यांदा गाड्या हलवायच्या, दुसऱ्यांदा टेम्पो आणायचा. त्याची तजवीज कामाच्या आदेशात क्वचितच असते. बगळ्यांची पिल्लं फांद्यांसकट खाली आल्याचे प्रकार मुंबई-ठाण्यात घडले आहेत, आणि त्यांचा ठपका बहुतेक वेळा हातात मशीन असलेल्यावर येतो. तारीख ठरवणारा सुटतो.

विजेबद्दल बोलताना मात्र या लोकांचा सूर बदलतो. मुंबई बेटावर बहुतांश तारा जमिनीखाली आहेत, तरी टीव्ही आणि इंटरनेटच्या केबलींचं जाळं झाडांतून ओढलेलं असतं आणि त्यात एखादी जिवंत तार मिसळलेली असू शकते. ठाण्यापुढं, पुण्याकडे, गावोगावी महावितरणच्या तारा उघड्या आहेत. तिथं फांदी तोडण्याआधी लाइन बंद करून लाइनमनकडून परमिट घ्यायचं असतं. परमिट हातात आल्यावरही जाणता माणूस तार अर्थ केल्याशिवाय पुढं जात नाही, कारण कुणाच्या तरी घरातल्या जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते. ओली फांदी वीज वाहून नेते. तारेला हात लावावाच लागत नाही. आपण कापलेली फांदी तारेवर टेकली आणि दुसरं टोक आपल्या हातात असलं तर तेवढं पुरतं.

आणि साधनं? कागदोपत्री हेल्मेट, हार्नेस, बूट, हातमोजे, चष्मा असं सगळं असतं. पुष्कळ ठिकाणी मी डोक्याला गमछा आणि पायात काही नाही असंच पाहिलं. अनवाणी पायाला साल कळते, असं चढणारे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण मशीन चालू असताना माणूस झाडाला किमान दोन जागी बांधलेला हवा, कारण एक दोर आपल्याच करवतीखाली येऊ शकतो. ही अट पायाच्या कौशल्यानं भरून निघत नाही. अलीकडे मुंबई-पुण्यात दोर आणि हार्नेसवर शास्त्रशुद्ध काम करणारे थोडे आर्बोरिस्ट दिसू लागले आहेत. गिर्यारोहणातून या कामाकडे आलेले तरुणही त्यांत भेटतात. जगभरच्या वृक्षनिगा तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२४ पासून आहे आणि ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. आपल्याकडचं प्रशिक्षण या मोजक्या लोकांपुरतं राहता कामा नये. ज्या माणसाला ढोलीचा आवाज ठोकून कळतो त्याला कड्याचं शास्त्र समजायला फार दिवस लागणार नाहीत. त्याला ते कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. मे महिना, झाडं पालवीनं भरलेली, गुलमोहर फुललेला. पडलेल्या झाडांत गुलमोहर आणि रेन ट्री जागोजागी दिसत होते. वाचकांनी पुढच्या वेळी पडलेलं झाड पाहिलं तर फोटो काढण्याआधी त्याची मुळं जरूर पाहावीत. वाऱ्यानं तुटलेल्या मुळाचं टोक ओबडधोबड असतं, तंतू बाहेर आलेले. केबल, गॅस किंवा गटारासाठी खणताना कापलेल्या मुळाचं टोक सपाट असतं. सपाट टोकं बहुधा एकाच बाजूला, एका रेषेत असतात, आणि झाड त्याच्या विरुद्ध दिशेला पडलेलं असतं. झाडाची अन्न-पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीत आणि डेऱ्याच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात, त्यामुळं फूटपाथच्या कडेनं काढलेला एक चर झाडाचा एका बाजूचा आधारच काढून घेतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. तेव्हापासून इतर शहरांतही ही मागणी होते आहे. तरी पेव्हर ब्लॉक बसवणारे आजही बुंध्याला अगदी भिडवून बसवतात, कारण तसं काम नीटनेटकं दिसतं.

पडलेलं झाड हलवणं हे उभ्या झाडावर चढण्यापेक्षा धोक्याचं, असं सगळेच सांगतात. अग्निशमन दलाची माणसं आधी पोचतात, रस्ता मोकळा करतात, अडकलेल्यांना काढतात. पण त्या आडव्या खोडात प्रचंड ताण साठलेला असतो. एखादी फांदी टेकूसारखी वजन पेलत असते. ती कापली की खोड लोळतं. बुंधा मुळांपासून तोडला की कधीकधी मुळांचा गड्डा, त्यावरच्या मातीसकट, आपल्या खड्ड्यात परत उभा राहतो. त्या खड्ड्याच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, हा नियम प्रत्येक गँगमध्ये सगळ्यांत आधी शिकवतात.

नारळाचं सगळंच वेगळं. त्याला फांद्या नाहीत, कडं नाही, जखम झाकणारा थर नाही. एक शेंडा, आणि तो गेला की माड गेला. गेंड्या भुंगा शेंड्यातला कोवळा कोंब पोखरतो, सोंड्या भुंगा खोडात शिरून आतून पोकळ करतो, आणि हे कळतं ते फक्त वर जाऊन झावळ्यांच्या बुडाशी बघणाऱ्यालाच. गोव्यात हे काम पाडेल्यांचं. माड चढणारे कमी झाले म्हणून केरळात नारळ विकास मंडळानं २०११ पासून तरुण-तरुणींना शिडीयंत्रावर चढायचं शिकवायला सुरुवात केली. गोव्यात २०१६ च्या दुरुस्तीनं माडाला कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं. लोकांच्या विरोधानंतर २०१७ मध्ये त्याला परत आत घेतलं. त्याच २०१७ च्या जुलैत चेंबूरला रस्त्यानं जाणाऱ्या एका महिलेवर माड कोसळला आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या माडाबद्दल आधी तक्रार गेलेली होती, पाहणीही झाली होती. जमिनीवरून माड सरळ, हिरवा आणि ठणठणीत दिसू शकतो. म्हणून माडाच्या बाबतीत तरी पाहणी म्हणजे चढणं, असाच नियम हवा.

दिवाळीच्या तोंडावर छाटणीवाल्यांची आणखी एक तक्रार ऐकायला मिळते, रोषणाईच्या तारांची. झाडांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा सण संपला तरी उतरवल्या जात नाहीत. साल वाढते, तार रुतते, दोन-तीन वर्षांत लाकडात गडप होते आणि त्यापुढची फांदी वाळू लागते. २०२४ मध्ये झाडांवरच्या रोषणाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. खिळ्यांचंही तेच. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या गटानं झाडांतले खिळे उपसण्याची मोहीम सुरू केली आणि ती राज्यात ठिकठिकाणी पोचली, याचं छाटणीवाल्यांना मनापासून कौतुक आहे. त्याचं कारण त्यांच्या कामात आहे. फिरत्या साखळीला लाकडात दडलेला खिळा लागला की ठिणगी उडते, साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी कुठं जाईल ते सांगता येत नाही.

झाडं तपासायला खरा योग्य काळ पाऊस संपल्यानंतरचा आहे, मे नव्हे. तेव्हा बुंध्याशी आणि मुळांवर बुरशीची छत्रं दिसतात. गॅनोडर्माचं तपकिरी, चकचकीत, पंख्याच्या आकाराचं छत्र गुलमोहराच्या बुडाशी दिसलं तर आतलं लाकूड सडू लागलेलं असतं, शेंडा कितीही हिरवा असो. कललेल्या झाडाच्या मागच्या बाजूला मातीला नवी भेग पडली असेल तर तीही याच काळात दिसते. पुढं धूळ बसून ती बुजते. तेव्हाच पाहणी झाली तर डिसेंबर-जानेवारीत घाई न करता, घरटी आणि मोहोर बघून छाटणी करता येईल आणि मे महिन्यात फक्त राहिलेलं काम उरेल. मुकादम लोक हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. कामाचे आदेश मात्र उन्हाळ्यातच निघतात.

म्हणून पाऊस संपला की आपल्या आवारातल्या आणि दारासमोरच्या झाडाच्या बुंध्याभोवती एक चक्कर मारून यावं. छत्र, भेग, भुसा, कापलेलं मूळ, रुतलेली तार, यांतलं काही दिसलं तर फोटो काढून उद्यान विभागाकडे अर्ज करावा. धोका तातडीचा असेल तर मुंबईत १९१६ वर कळवावं. छाटणीला माणसं आली की ‘सगळं काढून टाका’ म्हणू नये, गाडी वेळेवर हलवावी, आणि वर गेलेला खाली उतरून पाणी पीत बसला की त्याला विचारावं, वर काय काय दिसलं ते. तो सांगेल ते तारखेसह सोसायटीच्या नोंदवहीत लिहून ठेवावं.